विषय: ते परीक्षेच्या फीचं बिल, आणि गावांची एक्सेल कोणाकडे आहे?

प्रेषक: अनघा
मंडळी, आलं एकदाचं! न्यू जर्सीच्या असेंब्लीच्या (विधानसभेच्या) एज्युकेशन कमिटीच्या अजेंड्यावर आपलं बिल लागलंय, गुरुवारी सकाळी, राजधानीत ट्रेन्टनला. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहेच, सील ऑफ बायलिटरसी (इंग्रजीबरोबर आणखी एक भाषा येणाऱ्या हायस्कूलच्या मुलांना मिळणारा शिक्का) २०१६ पासून आहे पण मराठीच्या परीक्षेची फी पालकांच्याच खिशातून जाते, ती त्यांच्यावर पडू नये तेवढ्यासाठी हे बिल. बुधवार संध्याकाळपर्यंत प्रत्येकाची मेल गेली पाहिजे. मसुदा जोडलाय, फक्त खाली नाव घालायचं. मला आत्ता हवी आहे ती मंडळाच्या सभासदांची डिस्ट्रिक्टवार (मतदारसंघवार) यादी, विवेकने मागे केली होती ती एक्सेल. विवेक, आज रात्री पाठवशील?

प्रेषक: विवेक
यादी देता येणार नाही. पत्ते कार्यक्रमांसाठी घेतलेत, राजकारणासाठी नाही. मागे यादी "फक्त एकदाच" म्हणून दिली आणि पुढचं वर्षभर सगळ्यांना घरं विकणाऱ्यांचे फोन येत होते, ते निस्तरायला कोणी आलं नव्हतं. शिवाय ती एक्सेल जुन्या नकाशावरची आहे. २०२३ च्या निवडणुकीपासून डिस्ट्रिक्ट बदललेत, निम्म्या लोकांना चुकीचे आमदार दिसतील.

प्रेषक: श्रीकांत
अरे पण यादी हवीच कशाला? न्यू जर्सीत नेवार्क आणि जर्सी सिटी सोडली तर कुठलंही गाव दोन डिस्ट्रिक्टमध्ये तोडलेलं नाही, नुसत्या गावावरून कळतं. एडिसन १८, प्लेन्सबरो १४, वेस्ट विंडसर १५, प्रिन्स्टन १६. प्रत्येक डिस्ट्रिक्टला एक सिनेटर आणि दोन असेंब्ली मेंबर, म्हणजे माणशी तिघांना लिहायचं. लेजिस्लेचरच्या साइटवर गाव निवडलं की तिघांची नावं आणि ऑफिसचे फोन येतात. फक्त पोस्टाचं गाव घालू नका, टाउनशिप घाला. इझलिनवाले वुडब्रिज, म्हणजे १९. प्रिन्स्टन जंक्शनवाले प्रिन्स्टन नाहीत, वेस्ट विंडसर.

प्रेषक: माधुरी
श्रीकांत, आम्ही इतकी वर्षं इझलिनच लिहितोय, टपाल बरोबर येतं.

प्रेषक: श्रीकांत
माधुरीताई, टपाल येणारच हो, पण मतदारसंघ टाउनशिपवर ठरतो. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढा, त्यावर वुडब्रिज असेल.

प्रेषक: सुहास (खजिनदार)
मी दोन दिवस गप्प होतो पण आता लिहितो. अनघाच्या मसुद्यात वर मंडळाचं नाव आणि लोगो आहे. आपण ५०१सी३ आहोत, म्हणजे टॅक्समाफी असलेली सेवाभावी संस्था. लॉबिंग करून ते स्टेटस घालवायचं असेल तर आधी कार्यकारिणीत ठराव करा. मी तरी यावर सही करणार नाही.

प्रेषक: नीलिमा
सुहासराव, ठराव जरूर करा, पण भीती चुकीच्या गोष्टीची घालू नका. ५०१सी३ ला उमेदवाराचा प्रचार पूर्ण बंद आहे, एखाद्या बिलाबद्दल बोलायला बंदी नाही, ते मंडळाच्या एकूण कामाचा मोठा भाग होता कामा नये एवढंच. आयआरएसचा (टॅक्स खात्याचा) फॉर्म ५७६८ भरला तर खर्चावरच मोजमाप होतं, पहिल्या ५ लाख डॉलरच्या खर्चापर्यंत त्यातले २० टक्के लॉबिंगवर चालतात, आणि फुकट काम करणाऱ्यांचा वेळ त्यात धरतच नाहीत. आपला खर्च किती, गुरुवारचं पेट्रोल? खरी अडचण हवी असेल तर ती आपल्या गणपतीच्या स्टेजवर आहे. निवडणुकीच्या तोंडावर एकाच पक्षाच्या उमेदवाराला शाल-श्रीफळ देऊन माईक हातात देतो, तेव्हा कोणाला ५०१सी३ आठवत नाही.

प्रेषक: प्रसाद (सांस्कृतिक)
स्टेजवर कोणाला बोलवायचं हा सांस्कृतिक समितीचा विषय आहे, इथे तो नको. दोन्ही पक्षांना आमंत्रण जातं, एक जण येत नाही त्याला आम्ही काय करणार.

प्रेषक: रोहित
एक विचारू का, मी एच-वन व्हिसावर आहे, मत नाही. मी लिहिलं तर चालतं का? आणि त्याच मेलमध्ये ग्रीन कार्डच्या रांगेचं पण लिहावं म्हणतो, एवीतेवी लिहितोच आहे तर.

प्रेषक: नीलिमा
रोहित, लिही, बिनधास्त. तू त्यांच्या डिस्ट्रिक्टमध्ये राहतोस, टॅक्स भरतोस, मुलं तिथल्या शाळेत आहेत, एवढं पुरे. मत आहे की नाही हे लिहायचीही गरज नाही. फक्त कोणाच्या प्रचाराला पैसे देऊ नकोस, स्टेटच्या निवडणुकीलाही व्हिसावाल्यांना मनाई आहे, ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. आणि ग्रीन कार्ड वॉशिंग्टनचं काम, ट्रेन्टनच्या माणसाला ते लिहिलंस तर ऑफिसातला माणूस वाचता वाचता थांबेल आणि आपलं बिलही त्याबरोबर बाजूला जाईल. एका मेलमध्ये एकच मागणी.

आता मसुद्याबद्दल, अनघा रागावू नकोस. शंभर जणांनी तोच मजकूर पाठवला तर ऑफिसात तो एकच धरून पुढे आकडा लिहितात. आपले आमदार पार्टटाइम आहेत, बहुतेकांचे दुसरे धंदे-व्यवसाय आहेत, हाताखाली मोजके लोक. वरच्या दोन ओळींत बिलाचा नंबर, "मी अमुक गावात राहते", आणि "कमिटीत बाजूने मत द्या" किंवा "सहप्रायोजक व्हा" एवढं आलं पाहिजे. मग स्वतःचं एक उदाहरण. माझ्या मराठी शाळेतली एक मुलगी घरी आजीशी फक्त मराठी बोलते, तिच्या हायस्कूलने सीलमध्ये भागच घेतलेला नाही कारण ते शाळांना ऐच्छिक आहे, शेवटी पालकांनी परीक्षा कुठे होते ते शोधलं आणि स्वतः पैसे भरले. हे जिने भोगलं तिने लिहिलं की वाचलं जातं. आपल्या संस्कृतीच्या महान परंपरेवरचे तीन परिच्छेद कोणी वाचत नाही, ते मंडळाच्या दिवाळी अंकात घाला.

प्रेषक: अनघा
रागावले नाहीये, पण मग कमिटीच्या चेअरचं काय? ती आपल्या कोणाच्याच डिस्ट्रिक्टमधली नाही आणि बिल अजेंड्यावर ठेवायचं की काढायचं तिच्याच हातात. तिला सगळ्यांनी लिहायचं का?

प्रेषक: श्रीकांत
तिला मंडळाकडून एकच पत्र, सुहासरावांचा ठराव झाला तर. बाकीच्यांनी आपापल्या मेंबरला सांगायचं की चेअरशी बोला. बाहेरच्या डिस्ट्रिक्टच्या मेलपेक्षा बाजूच्या खुर्चीवरचा सहकारी जास्त ऐकला जातो. आणि गुरुवारी पास झालं की पेढे वाटू नका. पैशाचं बिल आहे, पुढे अ‍ॅप्रोप्रिएशन्स कमिटीला (खर्च तपासणाऱ्या) जाणार, सिनेटची बाजू अजून हललेली नाही. बजेट ३० जूनच्या आत होतं, त्या गडबडीत पैशाची बिलं मागे पडतात. दोन वर्षांचं सेशन संपेपर्यंत दोन्हीकडे पास नाही झालं तर परत शून्यापासून.

प्रेषक: माधुरी
प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर वुडब्रिजच आहे. ऑफिसला फोन केला, मुलगी फार छान बोलली, नाव-गाव लिहून घेतलं. मेलपेक्षा हे बरं. तिला मी एमव्हीसीतल्या (मोटार वाहन खात्यातल्या) आमच्या लायसन्सच्या घोळाचं पण सांगितलं, ती म्हणाली कागद पाठवा, बघते.

प्रेषक: विवेक
माधुरीताई, तो वेगळा धागा करा प्लीज. यादी मी देणार नाहीच, पण श्रीकांतने गाव आणि डिस्ट्रिक्ट असा तक्ता दिला तर माझ्याकडून सगळ्यांना मेल जाईल, पत्ते बीसीसीमध्ये. पत्राचा नमुना नको, नीलिमाताईंच्या त्या दोन ओळी घालतो. सुहासराव, ही मेल मंडळाच्या नावाने जाईल का माझ्या?

प्रेषक: सुहास (खजिनदार)
आजची तुझ्या नावाने. चेअरच्या पत्राचा ठराव मंगळवारी झूमवर घेऊ, कोरम झाला तर. नीलिमाताई, तो ५७६८ चा फॉर्म पाठवा, सीएला दाखवतो.

प्रेषक: अनघा
गुरुवारी बोलायला तीन जण पुरेत, तेच तेच पंधरा जणांनी सांगितलं तर चेअर वेळ कापते. एक पालक, एक शिक्षक आणि शक्य असेल तर परीक्षा दिलेली मुलगी, तिची शाळा बुडवायला आई तयार आहे का ते नीलिमाताई विचारतील. बाकीच्यांनी लेखी निवेदन पाठवा, तेही रेकॉर्डवर जातं. साइटवर आधी नाव नोंदवा. एडिसनहून गाडी निघणार आहे, दोन जागा आहेत, पार्किंग शोधायला वेळ लागतो म्हणून लवकर निघू.

प्रेषक: प्रसाद (सांस्कृतिक)
त्या गाडीत मंडळाचा बॅनर न्यायचा असेल तर तो माझ्या गराजमध्ये आहे, बुधवारी रात्री घेऊन जा. आणि परत आणून द्या, मागच्या वेळी कोणी दिला नव्हता.