आभाळ, मळभ, कुंद, झड: 'ढगाळ' या एका शब्दावर भागतं का?

प्रश्न, पुण्याहून

हवामानाचा रोजचा मजकूर मराठीत लिहून द्यायचं काम सध्या माझ्याकडे आहे. 'आकाश ढगाळ राहील' हे एकच वाक्य मी कोकणासाठी लिहितो, तेच मराठवाड्यासाठी, तेच विदर्भासाठी. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "अधूनमधून 'मळभ' का लिहीत नाहीस? किती छान शब्द आहे." शब्द छान आहे खरा, पण 'ढगाळ'च्या जागी तो चालेल असं वाटत नाही, आणि का चालणार नाही तेही सांगता येत नाही. तुमच्याकडे काय म्हणतात? आणि म्हणताना मनात काय येतं, बरं वाटतं की धास्ती?

रत्नागिरीहून

मळभ आणि पावसाळ्यातले ढग यांची गल्लत करू नका. आषाढात आमच्याकडे कोणी 'मळभ आलंय' म्हणत नाही. तेव्हा पाऊस 'काळोख करून' येतो, आणि यायलाच हवा. मळभ येतं ते पौष-माघात. दुधावर साय धरावी तसं सलग, पातळ, ना पडणारं ना हटणारं. रात्री ढग असले की जमिनीची ऊब वर निघून जात नाही, त्यामुळे थंडी पळते. आंबा नेमका तेव्हा मोहोरलेला असतो. हवा दमट झाली की मोहोरावर तुडतुडे वाढतात, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते, भुरीही येते. मग फवारणीचा खर्च. बागायतदाराच्या घरात 'मळभ' हा शब्द कोणी हौसेने उच्चारत नाही. शहरात त्याला काव्यात्म वजन कुठून आलं कोण जाणे!

पणजीहून

एक गंमत सांगतो. कोंकणीत 'मळब' म्हणजे चक्क आकाश. 'निळें मळब' असं आम्ही सहज म्हणतो. ढगाला आमचा शब्द 'कूप', अनेकवचनी 'कुपां'. तुमच्या बातमीत 'उद्या मळभ' असं वाचलं तर माझी आजी म्हणेल, मळब उद्या असणार, परवा असणार, ते जाणार कुठे?

दहिवडीहून

मग आमचं याच्या उलट बघा. पुस्तकात आभाळ म्हणजे आकाश. आमच्याकडं आभाळ म्हणजे ढग. 'आज आभाळ न्हाई' म्हटलं की समजायचं, ऊन कडक आहे. 'आभाळ आलंय', 'आभाळ गेलं', 'नुसतंच आभाळ हाय'. यातलं शेवटचं वाक्य माणदेशात सगळ्यात जास्त ऐकू येतं. सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आमच्याकडं पाचशेच्या आतबाहेर. सह्याद्री चढताना ढग रिते होतात, अलीकडं उतरतात ते हलके होऊन. जून-जुलैत दिवस दिवस आभाळ राहतं, वारं सुटतं, अंगावर चार थेंब येतात आणि ढग पुढं निघून जातात. त्यामुळं ढग बघून 'वा, काय हवा आहे' असं आम्ही म्हणत नाही. थोडी आशा, बराचसा राग.

आणि तेच आभाळ थंडीत आलं तर त्याचीही कटकट. शाळूच्या पानांवर मावा पडतो, पानं चिकट होतात. त्याला आम्ही 'चिकटा' म्हणतो.

नाशिकहून, थोडं व्युत्पत्तीबद्दल

दहिवडीकरांची बोलीच मुळाला धरून आहे. आभाळ हे 'अभ्र'पासून आलं आणि अभ्र म्हणजे ढग. 'निरभ्र' म्हणजे ढग नसलेलं. आपण 'निरभ्र आभाळ' बिनदिक्कत लिहितो. मुळाकडे बघितलं तर 'बिनढगांचे ढग' लिहिल्यासारखं आहे ते. संस्कृतातही अभ्र हा शब्द आकाशासाठी येतोच, म्हणजे ही सरमिसळ जुनीच म्हणायची.

अमरकोशातला एक तुकडाही इथे द्यावासा वाटतो: 'मेघच्छन्नेऽह्नि दुर्दिनम्'. ढगांनी झाकलेला दिवस म्हणजे दुर्दिन! ज्या देशात पावसाची एवढी वाट पाहतात तिथे ढगाळ दिवसाला वाईट दिवस म्हणावं, याचं मला नेहमी नवल वाटायचं. रत्नागिरीचं उत्तर वाचल्यावर ते जरा कमी झालं. आमच्या द्राक्षवाल्यांना तर विचारूच नका. ऑक्टोबर छाटणीनंतर चार दिवस ढग राहिले की डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांच्या भीतीने बागेत फवारणीचे ट्रॅक्टर घुमायला लागतात.

यवतमाळहून

इकडे 'आभाय आलं' म्हणतात, 'ळ'चा 'य' होतो. पण आमचा खरा शब्द 'झड'. झड म्हणजे निव्वळ ढग नव्हे आणि निव्वळ पाऊसही नव्हे. दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, रिपरिप चालू, कपडे वाळत नाहीत, डवरणी (पिकातली कोळपणी) खोळंबते, तण कंबरेला लागतं. मुलांना झड आवडते, शाळा बुडते म्हणून. मोठ्यांना पहिल्या दिवशी आवडते.

एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीकडे गेला की मात्र ढगाचा तुकडाही देवासारखा वाटतो. शेतकरी तेव्हाही वर बघतो, कारण त्यात गारपीट असू शकते आणि झाडावर संत्री असतात. हरभऱ्याच्या वेळी तर ढग नकोच. पानांवरची आंब पावसाच्या भुरभुरीने धुऊन जाते आणि घाटेअळीचं फावतं, असं जुने लोक सांगतात.

डोंबिवलीहून

आमच्याकडे एकच: 'कुंद'. मे संपताना ढग असतात, वारा नसतो, घाम वाळत नाही. झाकोळ वेगळा, तो उजेडाचा शब्द आहे, दुपारी चारलाच दिवे लावावे लागले की 'झाकोळलं' म्हणायचं. कुंद अंगाला कळतं, डोळ्यांना नाही.

लेस्टरहून

इथे नोव्हेंबर ते जानेवारी ढगाळ हवा ही बातमी नसतेच. ऊन पडलं तर ती बातमी. ऑफिसातली माणसं ऊन बघायला जेवणाच्या सुट्टीत बाहेर येतात. सरकारी आरोग्यसेवाच सांगते की हिवाळ्यात रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायचा विचार करा, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी तर वर्षभर. पुण्याहून सासूबाई फोनवर म्हणतात, "अगबाई, किती छान ढगाळ दिसतंय तुमच्याकडे, भजी कर!" भजी करतेही मी. पण ढग बघून भज्यांची आठवण व्हायला आधी चार महिने ऊन खाल्लेलं असावं लागतं.

पुण्याहून, पुन्हा

सगळ्यांचे आभार. हवामान खात्याचा हिशेब साधा आहे: आकाशाचे आठ भाग कल्पायचे, त्यातले किती झाकले ते मोजायचं, त्यावरून निरभ्र, अंशतः ढगाळ, ढगाळ. त्या मोजणीत महिना नाही, पीक नाही, वारा नाही. तेव्हा मोजणीसाठी 'ढगाळ'च ठेवतो. पण डिसेंबरात कोकणाच्या मजकुरात 'मळभ' येईल, ऑगस्टात विदर्भाच्या मजकुरात 'झड'. गोव्यासाठी मळभ बाद. आता एक राहिलं: 'अंशतः ढगाळ' फार सरकारी वाटतं. बोलीत काही आहे का?

दहिवडीहून

ऊन-सावली आहे की.

रत्नागिरीहून

ती श्रावणातली. जानेवारीत ऊन-सावली लिहिलंत तर आमच्याकडे लोक म्हणतील, ह्याने खिडकीबाहेर बघितलेलं नाही.