हॅकर संस्कृती आणि माहिती सुरक्षेचा व्यवसाय: नाते किती उरले आहे?

प्रश्न:
मी चार वर्षे पेनिट्रेशन टेस्टिंग, म्हणजे मालकाच्या परवानगीने यंत्रणेवर हल्ला करून तिच्यातील त्रुटी शोधण्याचे काम, करतो आणि प्रमाणपत्र परीक्षा देऊन या क्षेत्रात आलो. माझे वरिष्ठ मात्र टोपणनावाने लिहीत, रात्ररात्र जागून प्रोग्रॅम उलगडत शिकलेल्या पिढीतले आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी माझा अहवाल परत केला. स्कॅनरने (ठरावीक त्रुटी आपोआप शोधणाऱ्या साधनाने) दाखवलेल्या सर्व त्रुटी मी नीट नोंदवल्या होत्या. पण खरेदीच्या पानावर वस्तूंची संख्या उणे एक भरली की एकूण रक्कम कमी होते, हे मी पाहिलेच नव्हते. "तू यादी तपासलीस, यंत्रणा तपासली नाहीस," असे ते म्हणाले. ही नजर यायला हॅकर संस्कृतीत वावरणे आवश्यक आहे, की ती संस्कृती आता इतिहासजमा झाली आहे?

उत्तर १:
इतिहासजमा मुळीच नाही. १९६० च्या सुमारास एमआयटीच्या मॉडेल रेल्वे क्लबातील विद्यार्थ्यांच्या तोंडी 'हॅक' हा शब्द होता, तेव्हा त्याला चोरीचा वास नव्हता; यंत्र आतून समजून घेऊन, ते घडवणाऱ्याच्या मनातही न आलेले काम त्याच्याकडून करून घेणे, हा त्याचा गाभा होता. आपली उणे संख्या नेमकी त्याच जातीची आहे. बफर ओव्हरफ्लोचे, म्हणजे ठरलेल्या जागेपेक्षा जास्त माहिती भरून प्रोग्रॅमवर ताबा मिळवण्याचे, तंत्र १९९६ मध्ये 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकाने पायरीपायरीने समजावले आणि कित्येक व्यावसायिक ते तिथेच शिकले. मे १९९८ मध्ये 'लॉफ्ट' या हॅकरांच्या गटाचे सात जण अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे टोपणनावांनीच साक्षीला बसले आणि तीस मिनिटांत इंटरनेट निकामी करता येईल, असे त्यांनी सांगितले. त्यांच्यातील 'मज' पुढे डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेत अधिकारी झाला.

उत्तर २:
हा इतिहास मान्य आहे, परंतु त्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय नवोदिताला तो सांगू नये, असे मला कळकळीने वाटते. नोव्हेंबर १९८८ मधील मॉरिस वर्म हा एका विद्यार्थ्याने सोडलेला, नेटवर्कवरून आपोआप पसरणारा प्रोग्रॅम होता. संगणकावर आपली प्रत आधीच आहे का, हे तो विचारत असे. पण कोणी खोटे उत्तर देऊन त्याला अडवू नये म्हणून, 'आहे' असे उत्तर आले तरी सातांतून एकदा तो ठाण मांडत असे. या एका निर्णयामुळे त्याच संगणकावर प्रतीवर प्रती साचत गेल्या आणि हजारो संगणक ठप्प झाले. त्या घटनेनंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे संगणक सुरक्षेच्या घटना हाताळणारे समन्वय केंद्र उभे राहिले आणि तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला शिक्षा झाली. म्हणून लेखी परवानगी आणि चाचणीची ठरलेली हद्द यांना मी कागदी सोपस्कार मानत नाही.

उत्तर ३:
परवानगीचा मुद्दा रास्त आहे, पण परवानगी देणाऱ्यानेही ऐकून घेतले पाहिजे. एका संस्थेच्या पासवर्ड बदलण्याच्या दुव्यातील दोष मी खासगीत कळवला, तेव्हा आभाराऐवजी वकिलाची नोटीस आली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या बगट्रॅक या ईमेल यादीवर लोक दोष जाहीर करत, त्यामागे हीच घुसमट होती. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या दोष शोधणाऱ्या गटाने घातलेली नव्वद दिवसांची मुदत (तेवढ्यात कंपनीने दोष दुरुस्त केला नाही, तर तो जाहीर करायचा) मला त्या भांडणातून निघालेली समंजस वाट वाटते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ग्राहकाकडून हद्द लेखी वाढवून घेतली आणि चाचणीच्या सर्व्हरवर ते पान काल पुन्हा उघडले. सर्व्हरला दोन विनंत्या एकाच क्षणी पाठवल्या, तर एकच सवलत कूपन दोनदा लागू होते. स्कॅनर यावरही गप्प होता. वरिष्ठांना दाखवले, तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि तीन विनंत्या पाठवून पाहायला सांगितले.