ऑफिसच्या संमेलनाला सिक्युरिटी हवी, पण दिसायला नको. जमेल का?

हिंजवडीकर: आमच्या कंपनीचं वार्षिक संमेलन डिसेंबरात बाणेरच्या एका लॉनवर आहे. घरच्यांसकट ३०० माणसं. मी अॅडमिनला आहे. गेल्या वर्षी दाराशी काळ्या टी-शर्टातले आठ बाउन्सर होते. एका सहकाऱ्याची लेक त्यांना बघून आत यायलाच तयार होईना. आता साहेब म्हणतात सिक्युरिटीच नको. मला ते पटत नाही, बार आहे, गर्दी आहे. मधला मार्ग कोणी सांगेल का?

जुना हवालदार: जमतं, ताई. फौजेतून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं हेच करतोय.

बाउन्सरला ब्लेझर घातला की काम झालं, असं समजू नका. अर्धं काम आदल्या दिवशीचं. मी जागेवर जाऊन पाहुण्यांचं दार सोडून बाकीची दारं आधी बघतो. किचनचं, डेकोरेटरचा टेम्पो लागतो ते, जनरेटरमागचं. नको तो माणूस बहुतेक तिथूनच शिरतो. म्हणून गणवेशातले गार्ड मी मागे लावतो. तुमच्या ३०० माणसांना मी दहा जण देईन: चार मागच्या दारांना, दोन पार्किंगला, चार आत साध्या कपड्यांत. त्या चौघांत दोघी बायका.

आणि माझ्या सगळ्या गार्डना सातच्या आत जेवू घालतो. भुकेला माणूस गर्दीकडे नाही, बुफेकडे बघतो.

एका कार्यक्रमात कामावरून काढलेला एक मुलगा तडक स्टेजकडे निघाला होता. माझ्या माणसाने त्याचा दंड धरला नाही. शेजारून चालत म्हणाला, "दादा, चला, बाहेर बसून बोलू." पार्किंगमध्ये पोरगा अर्धा तास रडला. त्याच्या भावाला बोलावून घरी पाठवला. आत भाषण चालू होतं, कोणाला पत्ताही नाही. असा बोलता येणारा माणूस मागा, दंड मोजू नका.

गार्डला पोलिसांचे अधिकार नसतात. डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा केला तर कोणीही नागरिक त्या माणसाला धरू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावंच लागतं. एरवी धक्काबुक्की केली तर गुन्हा गार्डवरच. ठरवण्याआधी सिक्युरिटी संस्थेचा परवाना बघा, खासगी सुरक्षा संस्थांसाठीच्या २००५च्या कायद्याखालचा. प्रशिक्षणाचे कागदही मागा. केंद्राच्या नमुना नियमांत वर्गात १०० तास आणि प्रत्यक्ष ६० तास सांगितलेत, माजी सैनिकांना कमी.

रात्रपाळी: मी लेडी सुपरवायझर आहे. दादांचं खरं आहे, पण जेवणानंतरचं राहिलं. माझ्या अनुभवात भांडण आत होत नाही, साडेदहानंतर गाडीची वाट बघताना होतं. तेव्हा आतले दोघे बाहेर आणा. एक बाई वॉशरूमच्या वाटेवर हवी, साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये, म्हणजे मुली तिच्याशी आपणहून बोलतात. शेवटची मुलगी कॅबमध्ये बसेपर्यंत त्या गार्ड बाईला सोडू नका. आणि बाईची पर्स बाईनेच बघायची, तीही आडोशाला टेबल मांडून.

हिंजवडीकर: दोघांचेही मनापासून आभार. जनरेटरमागे दार आहे हे मला माहीतच नव्हतं, आज लॉनवाल्याला फोन करून विचारलं. आहे, आणि त्याला कुलूप नाही. शनिवारी बघायला जाते.