मदत हवी आहे : मुंबई सिटीच्या घरच्या मॅचला गॅलरी का भरत नाही? माणसं कशी आणायची?

डोंबिवलीचा_बाबा

नमस्कार मंडळी,

प्रश्न फुटबॉलचा आहे, पण फुटबॉल न बघणाऱ्यांनीही वाचावा ही विनंती. माझं उत्तर बहुतेक त्यांच्याकडेच आहे.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. दोन वर्षं झाली, आमच्या इथल्या मैदानावर रोज सकाळी खेळतो. मुंबई सिटीचा खेळाडू छांगटे डाव्या पायाचा, म्हणून हाही डावा पाय घोटत बसतो. त्याच्यापायी मीही मुंबई सिटीचा, म्हणजे आयएसएल (इंडियन सुपर लीग) मधल्या आपल्या शहराच्या क्लबचा, चाहता झालो. गेल्या मोसमात आम्ही दोघांनी अंधेरीच्या क्रीडासंकुलात सहा मॅच बघितल्या. मैदान लहान आहे, सात-आठ हजारांत भरून जाईल असं. खेळाडू एकमेकांना हाका मारतात त्या आपल्याला ऐकू येतात. बॉल पोस्टला लागला की त्याचा आवाज छातीत जाणवतो. आणि एवढंसं मैदान, तरी सहापैकी पाच वेळा आमच्या आजूबाजूला रिकाम्या खुर्च्या. एकदाच भरलं होतं, केरळचा संघ केरळा ब्लास्टर्स आला तेव्हा, आणि त्यातला निम्मा भाग त्यांच्या पिवळ्या रंगाचा होता.

मुलाने विचारलं, "बाबा, आपली टीम चॅम्पियन झाली होती ना? मग लोक का येत नाहीत?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून मी ठरवलं की आपल्या मैदानावरची मुलं आणि त्यांचे पालक घेऊन जायचे. ३४ बाबांना विचारलं. २६ जण हो म्हणाले. आले चार. मॅच बुधवारी साडेसातची होती.

"मुंबई क्रिकेटचं शहर आहे" हे उत्तर मला पुरत नाही. जून २०१८ मध्ये याच अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं तेव्हा जेमतेम अडीच हजार लोक होते. सुनील छेत्रीने हात जोडून व्हिडिओ टाकला, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन बघा म्हणाला. मग ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या मॅचला, धो धो पावसात तीच गॅलरी गच्च भरली. दोन दिवसांत शहर बदललं नव्हतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई सिटीशी खेळायला सौदी अरेबियाची अल हिलाल आली तेव्हा नेरूळच्या डी. वाय. पाटीलमध्ये ३० हजारांवर माणसं होती, आणि नेमार तर दुखापतीमुळे येणारच नव्हता. म्हणजे बघणारे आहेत. मग दर आठवड्याला कुठे जातात?

मला दोन गोष्टींसाठी मदत हवी आहे. एक, खरं कारण काय ते जाणकारांनी सांगावं. दुसरं, आमच्यासारखी साधी माणसं चाळीस खुर्च्या तरी कशा भरू शकतील? पुढच्या घरच्या मॅचला मला पुन्हा प्रयत्न करायचा आहे.

कूपरेजची_गॅलरी

बाबा, मी वयाने मोठा आहे, थोडं मागून सांगतो.

मुंबईत प्रेक्षक नव्हता असं नाही. रोव्हर्स कप १८९१ साली इथे सुरू झाला. माझ्या लहानपणी कूपरेजच्या मैदानावर मफतलाल, टाटा, ओर्के मिल्स यांच्या मॅच बघायला आम्ही गिरगावातून चालत जायचो. कोलकात्याचे संघ आले की तिकिटासाठी भल्या सकाळी रांग. पण हे बहुतेक संघ कंपन्यांचे. कंपनीने हात काढला की संघ गेला, आणि त्याच्या मागे उभा असलेला माणूस रिकामा झाला. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ बंद. मग उरली मुंबई एफसी (हा मुंबई सिटीहून वेगळा क्लब). खालिद जमीलने तुटपुंज्या बळावर ती वर्षानुवर्षं वरच्या फळीत टिकवली. २०१७ मध्ये तीही खाली घसरली आणि मिटली. मी स्वतः तीन वेळा संघ बदलला आहे. तिसऱ्यांदा जीव लावताना माणूस हात आखडता घेतो हो.

कोलकात्यात आजोबा मोहन बागानचे म्हणून नातू मोहन बागानचा. इथे आजोबांचा संघच शिल्लक नाही.

आता मुंबई सिटीचंच बघा. २०१४ आणि १५ मध्ये घरचं मैदान नेरूळ. २०१६ ला अंधेरी. लोकांना कुठे सवय लागते तोच करोना आला, आणि २०२०-२१, २१-२२ हे दोन्ही मोसम सगळेच्या सगळे गोव्यात. संघाने पहिल्यांदा शील्ड (लीगमध्ये पहिला नंबर) आणि कप (शेवटची फायनल) दोन्ही जिंकले ते नेमके त्यातल्या पहिल्या वर्षी, गोव्यातल्या रिकाम्या स्टेडियममध्ये. कपची फायनल मडगावच्या फातोर्ड्यात. नव्वदाव्या मिनिटाला आपल्या बिपिन सिंगचा गोल, आणि मी तो घरी एकटा बघतोय. २०२३ ची शील्ड पक्की झाली तीही फातोर्ड्यात, एफसी गोवा संघाला ५-३ हरवून. मे २०२४ चा कप कोलकात्यात. चार किताब, आणि एकही अंधेरीत पक्का झालेला नाही. शहरात ज्या रात्रीबद्दल लोक "मी होतो तिथे" असं सांगत फिरतील, ती रात्र अजून या क्लबला मिळालेली नाही. माझ्या मते मूळ दुखणं हे आहे.

पेठेतला

बाबा, मी कोल्हापूरचा. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ लागू दे, दुपारी पायरीवर जागा मिळत नाही. आयएसएलपुढं खेळाचा दर्जा कमीच असतो, हे मान्य करायला आम्हाला लाज नाही. मग माणूस का येतो?

तर तो फुटबॉल बघायला येतच नाही, तो पेठ बघायला येतो. गोल मारणारं पोरगं सकाळी तालमीच्या दारात दिसलेलं असतं. त्याच्या आईला आपण काकी म्हणतो. त्यानं पेनल्टी घालवली तर आठवडाभर चहाच्या टपरीवर त्याला ऐकावं लागतं, आणि आपल्यालाही. जिंकलं तर गुलाल. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, या नुसत्या टीमा नव्हेत, माणसाचे पत्ते आहेत. "कुठला?" म्हणून विचारलं की गल्ली सांगायच्या आधी तालीम सांगतात.

आता मुंबई सिटीचा पोरगा सकाळी कुणाच्या दारात दिसतो? राहुल भेके तुमचा मुंबईचा. २०१९ ची आयएसएल फायनल तुमच्याच अंधेरीत झाली, जादा वेळेत विजयी गोल त्याचा, पण तो बंगळुरूसाठी मारलेला. नंतर मुंबईकडं आला. २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवणारा हेडर त्याचा. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिलाच विजय. किती मुंबईकरांनी त्या रात्री "आपला भेके" म्हटलं? २०२४ चा कप जिंकून तो परत बंगळुरूला गेला. खेळाडू येणार-जाणार, तो धंदा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण लोकांना धरायला काहीतरी आपलं लागतं.

म्हणून सांगतो, तुम्ही ३४ माणसांना तिकीट विकायला गेलात. तिथं चुकलं. तालीम घेऊन जा. तुमच्या मैदानाच्या पोरांची टीम आहे न्हवं? तिला नाव द्या, एक झेंडा शिवा. आधी त्यांची मॅच ठेवा शेजारच्या मैदानाबरोबर, आणि मग तोच घोळका तसाच अंधेरीला. पोरगं स्वतः सकाळी खेळलेलं असलं की संध्याकाळी बापाला ओढत नेतं.

बदलापूरची_ताई

मी फुटबॉल बघत नाही. तुम्ही वर लिहिलंत म्हणून वाचलं.

तुम्ही ३४ बाबांना विचारलंत. एकाही आईला विचारलं नाहीत. बाबांचं "हो" मैदानावरच झालं, "नाही" घरी आल्यावर झालं. साडेसातची मॅच साडेनऊला संपणार. मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकल, डोंबिवलीला उतरायला अकरा, घरी पोचून मूल झोपायला बारा. दुसऱ्या दिवशी सातची शाळा. डबा कोण करणार, उठवणार कोण? बुधवार ऐकल्यावर मीही नाहीच म्हटलं असतं.

आणि आम्ही यायचं म्हटलं तर पहिले प्रश्न वेगळे असतात. बायकांचं स्वच्छतागृह कसं आहे? मुलाला भूक लागली तर आत काय मिळतं? गर्दीत दारू पिऊन आलेले असतात का? हे कोणीच सांगत नाही, सगळे फक्त स्कोअर सांगतात. तुम्ही सहा वेळा जाऊन आलात ना, मग पाहिलंय ते सरळ लिहा आणि आयांच्या ग्रुपवर टाका.

पिवळा_शर्ट

तो निम्मा पिवळा भाग म्हणजे आम्ही :) आईवडील त्रिशूरचे, माझा जन्म उल्हासनगरचा, शाळा मराठी.

आमचं गणित सोपं आहे. केरळ अंधेरीत वर्षातून एकदाच भेटतं. वेळापत्रक आलं की त्याच दिवशी तारीख ठरते, ओणमच्या जेवणाला जमतो तेच लोक जमतात. कोणी खेळासाठी, कोणी नुसतं आपल्या भाषेत ओरडायला. तुम्हाला दहा-बारा मॅच भरायच्या आहेत, ते फार कठीण आहे. सगळ्या भरायला जाऊ नका. मोसमात दोन निवडा.

आणि एक कामाची गोष्ट : "येणार का?" विचारू नका. पैसे आधी घ्या, तिकिटं एकाने एकत्र काढा. फुकट पास दिलेला माणूस पाऊस बघून घरी थांबतो. पैसे भरलेला छत्री घेऊन येतो. दहा वर्षांचा अनुभव आहे.

मडगावकर

फातोर्ड्यालाही रविवारची मॅच आणि बुधवारची मॅच यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि इथे तर फुटबॉल गावागावात आहे. मॅचची वेळ टीव्हीच्या सोयीने ठरते. घरबसल्या मोबाइलवर दिसतंय तर आठवड्याच्या मधल्या दिवशी कोण उठून जाईल? शनिवार पाचची मॅच निवडा.

डोंबिवलीचा_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला आणि बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी हेच सांगत होते." तिच्याकडे आता आयांचा ग्रुप सोपवला आहे. पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो : आम्ही बसलो तिथे सहाही वेळा कुटुंबं होती, दारू पिऊन आलेला कोणी दिसला नाही. स्वच्छतागृहाबद्दल मला फक्त पुरुषांचं माहीत आहे, त्यामुळे पुढच्या वेळी बायको स्वतः बघून लिहील.

काका, तुम्ही लिहिलेलं मुलाला सांगितलं. चार किताब आणि एकही इथे नाही, हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, पाचवा जिंकतील तेव्हा आपण तिथे असायचंच. तुम्हीही आमच्याबरोबर चला ना. गिरगावातून चर्चगेटला येऊन अंधेरीची गाडी पकडलीत तर आम्ही तुम्हाला अंधेरी स्टेशनवर घ्यायला येऊ.

ठरलंय ते असं. पुढची शनिवारची पाचची मॅच. सकाळी साडेसातला आमच्या मुलांची शेजारच्या मैदानाबरोबर मॅच. दुपारी डोंबिवलीहून फास्ट लोकल, घाटकोपरच्या मेट्रोच्या पुलावर सगळे जमणार, तिथून आझाद नगर, स्टेशनपासून मैदान जवळच आहे. रात्री नऊच्या आत घरी. पैसे आगाऊ. काल संध्याकाळपर्यंत १९ जणांचे आले आहेत, त्यातल्या ११ आया आहेत. झेंडा शिवायला दिलाय, आकाशी रंगाचा, त्यावर आमच्या मैदानाचं नाव.

एकच अडलंय. मुलांना ढोल न्यायचा आहे. आत नेऊ देतात का?

कूपरेजची_गॅलरी

येतो. अंधेरीला दोन नंबरच्या पुलाखाली उभा राहीन, हातात जुनी कापडी पिशवी असेल.

ढोलाचं आधी विचारून घ्या. वेस्ट कोस्ट ब्रिगेडची पोरं प्रत्येक मॅचला एका कोपऱ्यात उभी राहून शेवटच्या शिट्टीपर्यंत गातात. त्यांना समाजमाध्यमांवर लिहा, काय न्यायचं, काय नाही ते त्यांना पाठ असतं. मुलांना त्यांच्या शेजारीच बसवा, गाणी आपोआप येतील.

पेठेतला

१९ झाले म्हणजे चाळीस होतील. ढोल नको म्हणाले तर हलगीचं विचारून बघा. माझा भाऊ कल्याणला असतो, त्याच्याकडं आहे. शुक्रवारी घरी आणून देईल, नंबर व्यक्तिगत निरोपानं पाठवा.