अनुभव धागा: रियाजही चालू, पीएच.डी.ही चालू

मी ख्याल गाते आणि चार वर्षं पीएच.डी. करते आहे. संगीततज्ज्ञ भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत छापलेल्या बंदिशी आणि त्याच बंदिशी आज गळ्यातून येतात तशा, यांतला फरक हा माझा विषय. स्वरलिपी सुटसुटीत आहे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मींडेला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला, कमान, तालाच्या समेला (पहिल्या मात्रेला) फुली, टाळी नसलेल्या खालीला शून्य. पण दरबारी रागाचा गंधार, म्हणजे ग हा स्वर, कागदावर नुसता रेघ मारलेला ग असतो. तो झुलतो कसा, ते कागदावर येत नाही. माझा प्रबंध त्या झुलण्याबद्दलच आहे, म्हणून ऐकताना मी सारखी मोजत असते.

गेल्या पावसाळ्यात गुरुजींसमोर दरबारी गायला बसले. पाच मिनिटांत त्यांनी थांबवलं. "आज गात नाहीस गं, मोजतेयस." खरंच होतं ते. घरी येऊन रडले. महिनाभर ना एक पान लिहिलं, ना गायले.

तुमच्यापैकी जे चित्रं काढतात, नाटक करतात, लिहितात आणि संशोधनही करतात, त्यांनी लिहा. वेळापत्रकाचं थोडक्यात चालेल, आत काय होतं ते सविस्तर सांगा.

चित्रकार, छत्रपती संभाजीनगर

ताई, माझा विषय अजिंठ्याचे रंग. वाचनात इतकी बुडाले की दोन वर्षं ब्रश हातात घेतला नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल 1844 पासून वर्षानुवर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करत राहिले, आणि त्यांतल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि तिथले विद्यार्थी 1872 पासून पुन्हा कामाला लागले, त्यांच्याही पुष्कळ नकला पुढे लंडनमध्येच जळाल्या. या विद्यार्थ्यांवर मी अख्खं प्रकरण लिहिलं.

ते वाचून गाईडबाई म्हणाल्या, "रंगकाम सुक्या गिलाव्यावर झालं हे पाच ठिकाणी लिहिलंयस. असा गिलावा हाताने केलायस का कधी?" नव्हता केला. माहेरी परसातल्या भिंतीचा तुकडा लिंपला. माती, भाताचा तूस, गवत, वर चुन्याचा पातळ हात. पहिला तडकला. दुसराही. तिसरा टिकला, त्यावर गेरू, पिवळी माती, काजळी लावली. अजिंठ्यातला निळा लाजवर्दी दगडाचा, अफगाणिस्तानाकडून आलेला. तो माझ्याकडे कुठला! निळ्याची जागा मोकळी ठेवली. तडे का गेले यावर प्रबंधात चार पानं झाली, आणि ती मोकळी जागा माझ्या हल्लीच्या सगळ्या चित्रांत येते.

सतारवादक, नाशिक

गायिका प्रभा अत्रे यांनी सरगम, म्हणजे स्वरांची नावं घेत गाणं, याच विषयावर डॉक्टरेट केली आणि मैफलीत सरगम गायलीही. अडलो की मी त्यांचं ध्वनिमुद्रण लावतो.

शिल्पकार, कोल्हापूर

मी दुसऱ्या वर्षी नोंदणी रद्द केली. दोन्ही नाही जमलं. प्रश्न अजून डोक्यात आहे, म्हणून खंत वाटते.

दशावतारी नट, कुडाळ

दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यात मी बारा वर्षं स्त्रीपार्ट करतो आणि संशोधनही त्यावरच. आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, बोलणं रंगमंचावर सुचतं. विद्यापीठात मात्र पहिला प्रश्न, संहिता कुठाय? म्हणून एकच आख्यान तीन जत्रांत ध्वनिमुद्रित करून उतरवून काढलं. तीन रात्री, तीन वेगळी नाटकं! फार आनंद झाला, माझा मुद्दा तोच तर होता.

चौथ्या जत्रेत समोरच्या राजाने प्रश्न टाकला आणि माझ्या डोळ्यांपुढे मी टाइप केलेलं पान आलं. शब्द फुटेना. पखवाजवाल्याने सावरून घेतलं. पहाटे रंग पुसताना आमचे थोरले नट म्हणाले, "बाबू, पाठ करून इलंस? हय पाठ नाय करूचा, समोरच्याचा आयकूचा."

आता कार्तिकापासून हंगामभर मी काहीच उतरवून घेत नाही. लिहितो पावसात. सहामाही अहवाल नेमका जानेवारीत मागतात, तेवढा मंडळाच्या गाडीत बसून करतो.

कवयित्री, पुणे

माझं संशोधन जात्यावरच्या ओव्यांवर. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ या संशोधकांनी सुरू केलेल्या कामातून गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत. माहेर, भाऊ, सीता, विठ्ठल अशी वर्गवारी करता करता माझी स्वतःची कविता तीन वर्षं बंद पडली.

मावळात एका आजींना म्हटलं, ओवी सांगा. म्हणाल्या, "जात्याबिगर कशी आठवंल गं?" माळ्यावरचं जातं उतरवलं. मीही खुंट्याला हात लावला. घरघर सुरू झाली आणि त्यांना एकामागून एक आठवत गेल्या. दळण संपलं तेव्हा लक्षात आलं, रेकॉर्डर पिशवीतच होता. त्या रात्री एसटीत चार ओळी सुचल्या, माझ्या.

पुढच्या महिन्यात परत जातेय. या खेपेला रेकॉर्डर आजींच्या नातवाकडे देणार आहे.