१० ग्रॅम मोरचुदातील तांब्याचे अणू: भागाकार १५९.६ ने की २४९.७ ने?

प्रश्न (अकरावी विज्ञानची विद्यार्थिनी)

नमस्कार. १० ग्रॅम मोरचुदात तांब्याचे आणि ऑक्सिजनचे किती अणू असतात, असा प्रश्न आम्हाला सरावासाठी मिळाला आहे. काहींनी कॉपर सल्फेटचे रेणुवस्तुमान १५९.६ धरून तांब्याचे ३.७७ × १०^२२ अणू काढले, तर काहींनी २४९.७ धरून २.४१ × १०^२२ काढले. ऑक्सिजनसाठी चारने गुणावे की नऊने, यावरही एकमत नाही. वस्तुमानाला रेणुवस्तुमानाने भागले की मोल (डझनासारखे, कण मोजण्याचे परिमाण) मिळतात, हे सर्वांना पाठ आहे. पण भागायचे कोणत्या आकड्याने, हे कसे ठरवावे?

उत्तर १ (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक)

तराजूवर जे ठेवले आहे त्याचेच रेणुवस्तुमान घ्यावे, हा एकच निकष आहे. मोरचूद म्हणजे निळे स्फटिक, आणि त्या स्फटिकांत कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात. हे स्फटिकजल वजनात मोजले जाते. म्हणून तांबे ६३.५५, गंधक ३२.०६, चार ऑक्सिजनचे ६४ आणि पाण्याच्या पाच रेणूंचे ९०.०८ अशी बेरीज करून सुमारे २४९.७ हाच आकडा घ्यावा लागतो. १५९.६ हे निर्जल कॉपर सल्फेटचे, म्हणजे पांढऱ्या भुकटीचे वस्तुमान आहे, आणि प्रश्नात ती भुकटी दिलेलीच नाही.

आता १० भागिले २४९.७ म्हणजे ०.०४००५ मोल. त्याला ॲव्होगॅड्रो अंकाने, म्हणजे एका मोलमधील कणांच्या संख्येने (६.०२२ × १०^२३), गुणल्यावर २.४१ × १०^२२ मिळतात, पण ही संख्या अजून अणूंची नाही, एककांची आहे. एका एककात तांब्याचा अणू एकच असल्यामुळे तांब्यासाठी तीच संख्या चालते, आणि नेमका याच ठिकाणी गैरसमज लपून राहतो, कारण शेवटची पायरी गाळली तरी उत्तर बरोबर येते. ऑक्सिजनसाठी ती पायरी टाळता येत नाही: सल्फेटमधील चार आणि पाण्यातील पाच मिळून नऊ, म्हणून २.१७ × १०^२३ अणू. सर्व मूलद्रव्यांचे मिळून अणू विचारले असते, तर हायड्रोजनचे दहा आणि गंधकाचा एक धरून २१ ने गुणावे लागले असते.

माझा आग्रह असा असतो की मोलच्या आकड्यापुढे ‘कशाचे’ हे नेहमी लिहावे. ‘०.०४ मोल’ असे नुसते लिहिलेले उत्तर मी अर्धवट समजत असे.

उत्तर २ (द्राक्ष बागायतदार, कृषी पदवीधर)

वरील उत्तराला व्यवहारातील एक उदाहरण जोडतो. बागेत बुरशीनाशक म्हणून फवारल्या जाणाऱ्या एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. वजने सारखी असल्यामुळे दोन्ही पदार्थ बरोबरीने संपत असतील असे वाटते, पण मोलमध्ये हिशेब केला की चित्र बदलते. १ किलो मोरचूद म्हणजे सुमारे ४ मोल, तर १ किलो विरवलेला चुना, ज्याचे रेणुवस्तुमान ७४.१ आहे, सुमारे १३.५ मोल भरतो. तांब्याचे हायड्रॉक्साइड होण्यासाठी एका मोलला एकच मोल चुना लागतो, म्हणजे हिशेबाने ३०० ग्रॅमच्या आतबाहेर चुना पुरेसा ठरावा. तरीही जास्त चुना घालतात, कारण बाजारातील चुना क्वचितच शुद्ध असतो आणि मिश्रणात मोकळे विरघळलेले तांबे उरले तर पाने करपतात. चकचकीत लोखंडी सुरी मिश्रणात बुडवून तिच्यावर तांबूस थर चढतो का, हे पाहण्याची पद्धत त्यासाठीच आहे. थर दिसला तर आणखी चुना घालावा. आणि त्या १ किलो मोरचुदात प्रत्यक्ष तांबे सुमारे २५५ ग्रॅमच असते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. निळे मोरचूद तापवून पांढरे केले, तर तांब्याच्या अणूंची संख्या बदलेल का? आणि ॲव्होगॅड्रो अंक ६.०२२ × १०^२३ एवढाच घेतला तर चालेल ना?

उत्तर १ (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक)

अंक तेवढाच घ्यावा. २० मे २०१९ पासून मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०^२३ कण अशी व्याख्या लागू आहे, परंतु १० ग्रॅम एवढ्याच अचूकतेने दिलेल्या वजनाला पुढचे अंक लावण्यात अर्थ नाही.

तापवल्यावर फक्त पाणी जाते, तांबे तिथेच राहते. पूर्ण निर्जल झाल्यावर १० ग्रॅमचे ६.३९ ग्रॅम उरतील. आता तराजूवर पांढरी भुकटी आहे, म्हणून १५९.६ ने भागा, पुन्हा ०.०४००५ मोलच येतील. गेलेले ३.६१ ग्रॅम पाणी १८.०२ ने भागले की ०.२००३ मोल, म्हणजे बरोबर पाचपट. प्रयोगशाळेत हे करताना मात्र एक काळजी घ्या: चार रेणू तुलनेने लवकर सुटतात, पाचव्यासाठी तापमान २०० अंश सेल्सिअसच्या वर न्यावे लागते. वजन ७.११ ग्रॅमवर थांबले असेल, तर तो एक रेणू अजून आत आहे आणि भागाकार १७७.६ ने करावा लागेल.