बेअर कंट्रीतलं बॅकअप पिस्तूल : फॉर्टी-फोर नाहीतर घरी बसा, हे कुणी ठरवलं?

अँकरेजकर
परवा इथे हेलेनावाला यांनी लिहिलं होतं की ग्रिझलीच्या, म्हणजे तपकिरी अस्वलाच्या, मुलखात .४४ मॅग्नमच्या (फॉर्टी-फोर) खालचं काहीही कमरेला लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे, आणि अस्वलावर मारायचा मिरचीचा स्प्रे हे टुरिस्टांचं खेळणं. दोन दिवस गप्प बसलो, पण ते वाचून तिघांनी मला फोन करून "मग कुठली फॉर्टी-फोर घेऊ?" असं विचारलं, म्हणून लिहितोय.

अहो, मुळात बॅकअप म्हणजे काय हेच विसरायला झालंय. मुख्य हत्यार हातात नसतं किंवा हातातून उडालेलं असतं, तेव्हा जे अंगावर असतं ते बॅकअप. बाकीचं सगळं सामान. ग्रीनलंडला डॅनिश सैन्याची सिरियस गस्त असते, कुत्र्यांच्या स्लेजवरून फिरणारी, त्यांच्याकडे ध्रुवीय अस्वलासाठी रायफल असते आणि जोडीला ग्लॉक २०, म्हणजे टेन एमएमचं पिस्तूल. ज्यांच्या तंबूशी पांढरं अस्वल येऊ शकतं त्यांना जे चालतं ते आपल्याला चालत नाही का?

माझी गोष्ट सांगतो. २०१९ च्या जुलैत इथे अलास्कात रशियन रिव्हरला रेड्स, म्हणजे सॉकाय सामन मासे, जोरात चालू होते. मी गुडघाभर पाण्यात, हातात रॉड. पिस्तूल सॅकमध्ये, आणि सॅक काठावर झुडपाला टेकवलेली, पंधरा पावलांवर. तिथे खाण्याचं सामान स्वतःपासून तीन फुटांत ठेवायला सांगतात, ते मी पाळलं नाही, चूक माझी. वर बघितलं तर माझ्या आणि सॅकच्या मध्ये एक तपकिरी मादी, मागे दोन पिल्लं. ओली होती, मानेवरचे केस गुच्छागुच्छाने चिकटलेले, आणि ती दात वाजवत होती, टक् टक् टक्, मग फुस्स करून श्वास सोडायची. मी रॉड घट्ट धरून उभा. पिल्लांनी काठावरचा माशाचा सांगाडा उचलला, पळाली आणि ती त्यांच्या मागून गेली. एक मिनिट असेल सगळं मिळून. त्या मिनिटात माझ्या सॅकमध्ये तोफ असती तरी तिचा उपयोग शून्य होता.

आता छातीवर होल्स्टर, त्यात ग्लॉक २०, २२० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हार्ड कास्ट, म्हणजे कठीण शिशाच्या ओतीव, गोळ्या. स्प्रे त्याच पट्ट्याला डावीकडे. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची उंच रबरी पँट, घातलेला असो की सॅकचा पट्टा कमरेला आवळलेला असो, हात सरळ तिथेच जातो. कमरेचं होल्स्टर पट्ट्याखाली अडकतं हे ज्याने एकदा तरी पाठीवर ओझं घेतलंय त्याला कळायला पाहिजे.

आणि हलक्या फॉर्टी-फोरबद्दल. माझ्या मित्राने ती स्कँडियम या हलक्या धातूची घेतली, रिकामी असताना पाऊण किलोसुद्धा भरत नाही. रेंजवर पाचव्या गोळीला अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी फाटली. उरलेली काडतुसं परत खोक्यात घातली, त्यानंतर सराव नाही. ती बंदूक आजही त्याच्या छातीवर असते आणि त्याला ती चालवता येत नाही.

हेलेनावाला
माझं नाव घेतलंत म्हणून उत्तर देतो. मी मोंटानात सतरा वर्षं एल्कची, म्हणजे मोठ्या हरणाची, शिकार करतोय, त्यातली नऊ धनुष्याने. सप्टेंबरमध्ये एल्क पाडल्यावर तासभर वाकून सोलत असतो, हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले, आणि वास वाऱ्यावर. तुम्ही नदीत उभे असता, मी अस्वलाच्या ताटात उभा असतो. फरक आहे.

फॉर्टी-फोर का ते ऐका. ३०० ग्रेनची जड, सपाट तोंडाची गोळी हाड फोडून आत जाते. अस्वल अंगावर असताना पिस्तुलाचं तोंड त्याच्या केसाळ अंगात रुतलं तर ऑटोची, म्हणजे ग्लॉकसारख्या आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाची, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे सरकते आणि गोळी सुटतच नाही. रिव्हॉल्वरला स्लाइडच नाही. पडल्या पडल्या, एका हाताने, मनगट वाकडं असताना ऑटो जॅम होतं, हे मी रेंजवर मुद्दाम करून बघितलंय. रिव्हॉल्वर दाबत राहायचं, फिरत राहतं. तुमच्या मित्राची कातडी फाटली तर त्याने जड मॉडेल घ्यावं, कॅलिबरला, म्हणजे गोळीच्या मापाला, दोष कशाला?

अँकरेजकर
स्लाइडचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. पण "रिव्हॉल्वर फिरत राहतं" हे पुरतं खरं नाही. त्याच हलक्या फॉर्टी-फोरमध्ये धक्क्याने पुढच्या काडतुसांमधली गोळी कवचातून पुढे सरकते आणि सिलिंडर अडकतो. मग ते हातातलं लोखंड. जड मॉडेल घ्या म्हणता, तर जड मॉडेल तिसऱ्या दिवशी सॅकमध्ये जातं, मी माणसं बघितलीयत. २०१६ मध्ये अलास्कातल्या फिल शूमेकर नावाच्या जुन्या गाईडने पाहुण्यांना मासेमारीला नेलं असताना चालून आलेलं तपकिरी अस्वल चक्क नाइन एमएमने मारलं. नाइन एमएम घ्या असं मी म्हणत नाहीये. ते त्या दिवशी त्याच्या अंगावर होतं आणि गोळी जड, कठीण होती, एवढंच.

वैनगंगाकाठ
तुम्ही दोघं भांडा, आम्हाला तो प्रश्नच नाही. मी कॅल्गरीत. इथे फिरायला जाताना पिस्तूल नेणं सामान्य माणसाला शक्य नाही, आणि ऑक्टोबर २०२२ पासून तर पिस्तुलाची खरेदी-विक्रीच गोठवलीय. बॅन्फमध्ये तर कसलीच बंदूक चालत नाही. तरी माणसं डोंगरात जातातच ना? स्प्रे घेऊन जातात.

अलास्कातल्या घटनांवर स्मिथ आणि हेरेरो यांचा २००८ चा अभ्यास आहे. स्प्रे वापरल्याच्या ८३ घटना, तपकिरी अस्वलांच्या बाबतीत ९२ टक्के वेळा अस्वल थांबलं, आणि ज्यांच्या हातात स्प्रे होता त्यातल्या ९८ टक्के लोकांना काहीही इजा नाही. खेळणं म्हणे.

माझा मामा साकोलीकडचा. एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला गेला, खाली वाकलेला, झाडाच्या पलीकडे अस्वल तेच वेचत होतं. खांद्यावर कुऱ्हाड होती. रोज लाकूड फोडणारा माणूस, पण खांद्यावरची कुऱ्हाड हातात घ्यायलाही वेळ मिळाला नाही. डावा डोळा गेला, गाल कानापर्यंत शिवलेला होता. त्यामुळे कुणी मला कॅलिबर सांगायला लागलं की मी विचारतो, किती सेकंदात हातात येतं ते सांगा.

आकडेमोड
आकडे दिलेत तर पूर्ण द्या. त्याच मंडळींचा २०१२ चा अभ्यास बंदुकांवर आहे, १८८३ ते २००९ मधल्या २६९ घटना. पिस्तूल ८४ टक्के वेळा यशस्वी, रायफल-शॉटगन ७६ टक्के. आता ९२ विरुद्ध ८४ असं सरळ मांडू नका, कारण स्प्रेच्या घटनांत नुसती कुतूहलाने जवळ आलेली अस्वलंही बरीच होती, आणि बंदुकीच्या घटनांत चिडून चालून आलेली जास्त. दोन वेगळ्या परीक्षांचे मार्क आहेत.

जर्सीकरीण
मधेच विचारते, रागावू नका. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं देनाली आणि सीवर्डला जातोय. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४ या जोडीदाराच्या. हे सगळं वाचून पोटात गोळा आलाय. अँकरेजला उतरल्यावर एखादं पिस्तूल विकत किंवा भाड्याने मिळतं का?

अँकरेजकर
ताई, नाही. दुकानदार पिस्तूल फक्त स्वतःच्या राज्यातल्या रहिवाशाला हातात देऊ शकतो. आणि त्याच्याही आधी, नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच फेडरल गुन्हा आहे. विषय सोडा, स्प्रे घ्या.

डलासचा दादा
अर्धवट माहिती देऊ नका. त्याला अपवाद आहे. वैध हंटिंग लायसन्स असेल तर चालतं. मी स्वतः एच-१बीवर असताना टेक्ससचं लायसन्स काढून पिस्तूल घेतलंय, बंदूक विकत घेताना भरायच्या ४४७३ फॉर्मवर तो अपवादाचा प्रश्नच छापलेला असतो. देसी माणसं उगाच घाबरून राहतात.

सनीवेलचा शेजारी
"उगाच"? माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीनकार्डच्या रांगेतली तारीख, २०१४ ची आहे. बारा वर्षं एका रांगेत उभा आहे, दोन नोकऱ्या सोडल्या नाहीत ग्रीनकार्ड अडकेल म्हणून, वडील गेले तेव्हा व्हिसा स्टॅम्पिंगच्या भानगडीत दहावं गाठता आलं नाही. माझ्या फाइलमध्ये बंदुकीचा एक कागद जायला नको आहे मला, अपवाद असो नाहीतर काही असो. आणि दादा, लायसन्स संपलं की त्या दिवसापासून कपाटातलं तेच पिस्तूल गुन्हा होतं हे सांगितलंत का? एकाने गंमत म्हणून मित्रांबरोबर रेंजवर चार गोळ्या झाडल्या, फोटो टाकले, वकिलाने पहिलं काम ते फोटो काढायला लावायचं केलं. हातात घेणं हेही बाळगणंच धरतात.

डलासचा दादा
फोटो टाकणाऱ्याचं मी काय करू? कायदा जे देतो ते घेणाऱ्याला तुम्ही गुन्हेगार ठरवताय. मी टॅक्स भरतो, माझं घर आहे, माझ्या बायकोला रात्री एकटं राहावं लागतं. मला रक्षणाचा हक्क नाही का? दर वर्षी लायसन्स वेळेत रिन्यू केलं, एकदाही चुकलं नाही.

सनीवेलचा शेजारी
हक्क आहे हो. पण तुमची रांग संपली म्हणून तुम्ही बोलताय. माझी मुलगी एकविसाची झाली की माझ्या अर्जावरून गळते, तिला अडीच वर्षं उरलीयत. तुम्हाला एक वाक्य लिहायला काय जातं, "हंटिंग लायसन्स काढा, झालं." नवीन पोरं वाचतात हे. कृपा करून असं लिहू नका.

हेलेनावाला
हा धागा अस्वलावर होता.

सनीवेलचा शेजारी
असू दे. मला हे लिहायचंच होतं.

डलासचा दादा
ठीक आहे. "वकिलाला विचारून आणि लायसन्स चालू ठेवून" असं मी लिहायला हवं होतं. तेवढं घेतो मागे. बाकीचं नाही. मुलीचं ऐकून वाईट वाटलं, खरंच.

गुंडी_वहिनी
पिस्तुलावर परत येऊ का? मी फेअरबँक्सला, सिटिझन आहे, उंची पाच फूट. ग्लॉक २० ची मूठ माझ्या हातात बसत नाही, बोट चापापर्यंत पोचवायला मनगट वळवावं लागतं. दुकानात गेले की समोरचा माणूस आधी नवऱ्याशी बोलतो आणि मग मला गुलाबी मुठीची .३८ दाखवतो. तीन दुकानांत हेच. शेवटी मी .३५७ रिव्हॉल्वर घेतली, स्टीलची, चार इंची, १८० ग्रेनची हार्ड कास्ट गोळी. फॉर्टी-फोरचा धक्का नाही आणि मूठ माझ्या मापाची बसवून घेतली. ब्लूबेरी तोडायला जाताना छातीवर असते. दर महिन्याला पन्नास गोळ्या, त्यातल्या दहा डाव्या हाताने. तुमच्या दोघांच्या भांडणात छोट्या हाताचा माणूस कुठेच नाही, हे लक्षात आलंय का?

अँकरेजकर
नव्हतं आलं. वहिनी, डाव्या हाताच्या दहा गोळ्या मी कधीच झाडत नाही. उजवा हात अस्वलाच्या तोंडात असेल तर काय, याचा विचार केला नव्हता.

हेलेनावाला
.३५७ माझ्या मते कमी आहे, हे मत बदलणार नाही. पण डाव्या हाताने सराव करणारीची .३५७ आणि सराव न करणाऱ्याची फॉर्टी-फोर यात मी वहिनींच्या मागे उभा राहीन.

आणि स्प्रेबद्दल "खेळणं" लिहिलं ते चुकलं. माझ्याही पट्ट्याला तो असतो. चिडून का लिहिलं सांगतो. गेल्या वर्षी आमच्या कँपमध्ये एकाने डबा गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवला, तो फुटला, अख्ख्या गाडीत मिरची, दोन दिवस कुणी आत बसू शकलं नाही आणि परतायला दुसऱ्याचा ट्रक मागावा लागला. माणूस स्प्रे घेतो, वापर शिकत नाही. सेफ्टी क्लिप कशी निघते हे त्याला माहीत नव्हतं.

वैनगंगाकाठ
त्यात डब्याचा काय दोष? पन्नास अंशांच्या वर ठेवू नका असं डब्यावरच छापलेलं असतं. आणि तुमच्या पिस्तुलाने अस्वल मेलं तर पुढे काय, तेही सांगा ना लोकांना.

अँकरेजकर
सांगतो, कारण हे कुणी लिहीत नाही. अलास्कात जीव वाचवायला अस्वल मारलंत तर ते तुमचं नसतं. कातडं नखांसकट सोलायचं, कवटी काढायची, आणि दोन्ही फिश अँड गेमला, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याला, नेऊन जमा करायची, वर लेखी रिपोर्ट. हात थरथरत असताना, पाऊस पडत असताना, आणि त्याचं भावंड किंवा आई आजूबाजूला असू शकते. खाली मोंटाना-वायोमिंगमध्ये ग्रिझली १९७५ पासून संरक्षित यादीत आहे, तिथे चौकशी वेगळीच. यलोस्टोनमध्ये २०१० पासून बंदूक जवळ ठेवता येते, पण झाडायला मनाई कायम आहे. म्हणून आधी स्प्रे. माझ्या पट्ट्यावर तो डावीकडे आहे कारण हात आधी तिकडे जावा अशी सवय लावलीय.

हेलेनावाला
माझा उजवीकडे आहे. पण क्रम तोच.

आकडेमोड
म्हणजे तीन पानं भांडून दोघांचाही क्रम तोच निघाला, स्प्रे आधी.

हेलेनावाला
कॅलिबर वेगळं आहे. ते राहणार.

जर्सीकरीण
मी सगळं वाचलं. नवऱ्याला हंटिंग लायसन्सचं काही सांगणार नाहीये, आमची डेटही लांबची आहे. स्प्रे विमानातून नेता येतो का, चेक-इनमध्ये?

अँकरेजकर
कशातच नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनला. इथे उतरल्यावर घ्या, चाळीस-पन्नास डॉलर पडतील, दोघांना दोन घ्या, एकच घेऊन नवऱ्याच्या सॅकला लावू नका. सरावाचा निष्क्रिय डबाही मिळतो, पार्किंगमध्ये वाऱ्याच्या दिशेने एकदा मारून बघा. खरा डबा सात-आठ सेकंदांत संपतो, अस्वल तीसेक फुटांवर आल्यावर तोंडाच्या जरा खाली धरायचा.

जर्सीकरीण
आणि परत जाताना उरलेल्या डब्यांचं काय करायचं?

अँकरेजकर
मला मेसेज करा, घेऊन जाईन. गॅरेजच्या फळीवर आधीचे सहा आहेत, मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांचे. एकाची क्लिप अजून प्लॅस्टिकने बांधलेली आहे.